बाईंचं बिननावाचं ताट

अनोळखी माणसाला ओढून जेवायला बसवणं हा गुन्हा असता, तर सिल्वासातल्या आमच्या घरमालकीणबाई जन्मभर तुरुंगात राहिल्या असत्या, आणि तिथल्या शिपायांनाही वाढून मोकळ्या झाल्या असत्या. ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात वडील मला आणि आईला घेऊन खानदेशातून इथं आले. राखोलीच्या कारखान्यांच्या फाटकांपुढे तीन दिवस उभे राहिले, काम मिळालं नाही. चौथ्या दिवशी बोचकी बांधून आम्ही स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. एवढ्यात फुलाफुलांच्या झग्यातली एक ठेंगणी बाई समोर येऊन म्हणाली, "उठा. आज नाताळ. जेवायला चला." आई घाबरली. "बाई, आम्हाले बाटवनार तं नाही ना?" "अगो बाय, बाटवायला वेळ कोणाला आहे? वडे गार होतायत!"

बाईंच्या घरी निळ्या काठाचं एक इनॅमलचं ताट होतं. ज्याचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही, त्यानंच नाताळला त्या ताटात जेवायचं. नाव विचारायचं ते हात धुतल्यावर. आम्ही तिघं होतो, म्हणून उरलेल्या दोन जागांसाठी बाईंनी घरच्या दोघांना भरल्या ताटावरून उठवलं. यामागचं बाईंचं कारण सरळ होतं. "बेथलेहेमात एका अवघडलेल्या बाईला कुणी जागा दिली नाही. तिथल्यांचं तिथले बघतील. माझ्या सिल्वासात हे चालायचं नाही." मान त्या ताटाचा एकदाच. पुढच्या नाताळला तुम्ही घरचे, म्हणजे राबायला मोकळे. आम्हाला वाढणारा माणूस आदल्या वर्षीचा अनोळखी होता, आणि एका कारखान्यात फोरमन होता. त्यानं वडिलांना कामाला लावलं, बाईंनी टोकरखाड्यातल्या आपल्या घराची मागची खोली दिली, आणि आम्ही परत गेलोच नाही. पुढच्या वर्षी आई नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, तळत होती आणि वडील बाकडी वाहत कुरकुरत होते, "ना ताळ, ना तंत्र, म्हनून याले नाताळ म्हनतात!"

आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. मी बी.ए. झाले त्याच डिसेंबरात बाई चर्चच्या पायरीवर घसरल्या. पाय प्लास्टरात. नाताळच्या सकाळी पडल्या पडल्या त्यांनी जाहीर केलं, "ताट रिकामं, तर मी उपाशी." गल्लीत तर अनोळखी माणूस औषधालाही उरला नव्हता, सगळ्यांना त्यांनी जेवू घालून संपवलं होतं. म्हटलं, मी आणते.

स्टँडवर पहिल्या गृहस्थांपुढे मी अगदी शुद्ध भाषेत निमंत्रण मांडलं. ते म्हणाले, "बेन, शुं वेचो छो?" काही विकत नाही हो, म्हणेपर्यंत ते बसमध्ये चढलेही. दुसऱ्यानं पिशवी छातीशी धरली. बारा वाजून गेले. तिकडे बाईंनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. मग पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेला एक ओरिसाचा माणूस दिसला. नोकरीसाठी आला होता आणि कारखान्याला सुट्टी होती. मी विनंती करणं सोडून दिलं. ट्रंकेची एक कडी धरली आणि म्हटलं, "उठिए. खाना खाने चलिए." ट्रंक निघाली म्हणून तोही निघाला. दारात मात्र अडला. "दीदी, मेरा धरम तो नहीं बदलोगे?"

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून झारा घेऊन आईच बाहेर आली. "अरे भाऊ, बदलने को टाइम किसको है? वडे गार हो रहे!"

आतल्या खाटेवर बाई इतक्या हसल्या की प्लास्टर हललं. मग म्हणाल्या, "आता मला वाढा."

बाईंना स्वतःला त्या ताटात कधीच जेवता आलं नाही. त्यांचं नाव सगळ्या गावाला ठाऊक होतं. आता त्या नाहीत. जाण्याआधी ताट त्यांनी आईच्या हातात दिलं, आईनं माझ्या. आम्ही काही ख्रिस्ती झालो नाही. पण नाताळला मी स्टँडवर जाते, आणि आजवर एकाही वर्षी ते ताट रिकामं राहिलेलं नाही.