कसरीनं खाल्लेला कोपरा

हेमराज बोरसेला रिकामी जागा बघवत नसे. एवढं एक सांगितलं की माणूस अर्धा कळतो. सुरतेच्या कडेला, उधन्याच्या एका साडी छापणाऱ्या मिलमध्ये तो ट्रेसर होता. डिझाइनचा एकेक रंग वेगळ्या पारदर्शक फिल्मवर ब्रशानं काढायचा, मग त्यावरून कापडावर छपाई व्हायची. पदर आणि किनार यांच्यामध्ये बोटभर कोरं उरलं की याचा हात तिकडं गेलाच. एक बुट्टी, एक वेल, काहीच नाही तर एक ठिपका. "कोरं कापड म्हणजे उघडं अंग," असं म्हणायचा. आता ही काय म्हण झाली? पण त्याच्या हाताखाली शिकलेले ट्रेसर अजून तीच म्हणतात.

अमळनेरजवळच्या खेड्यातून तो ऐंशी साली सुरतेला आला. लिंबायतच्या अंगाला, बत्तीस घरांच्या एका गल्लीत, त्यानं आणि त्याच्या बायकोनं, शोभाबाईनं, विटा स्वतः वाहून दोन खोल्या उभ्या केल्या. पुढं एक ओटा घातला. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या रोगात अख्खी गल्ली कुलपं ठोकून खानदेशात पळाली होती. परत येताना शोभाबाई स्टेशनापासून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि घर जागेवर दिसलं तेव्हा ओट्यावर बसून रडली. त्या दोन खोल्यांपलीकडं त्यांचं या शहरात काही नव्हतं, आणि गावी तर तेवढंही नव्हतं.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर मिलचे मालक मगनशेठ एक जुना नकाशा घेऊन आले. कुठल्याशा पडक्या हवेलीतलं सामान विकायला निघालं होतं, त्यात सापडला. कापडावर रंगवलेला, दोन हात लांब. जुनं सुरत सगळं त्यात: तापी, किल्ला, शहराचा कोट, दरवाजे, बंदरातली गलबतं, आणि जागोजाग नखाएवढी माणसं. कुणी गाठोडं उतरवतंय, कुणी बकरं ओढतंय. शेठना ऑफिसच्या भिंतीवर याचीच मोठी नक्कल हवी होती. अडचण एकच. कोटाबाहेरचा एक कोपरा कसरीनं खाल्ला होता. तळहाताएवढं भोक.

"हेमराज, आ काणुं पूरी दे," शेठ म्हणाले. हेमराजला भोक बुजवायला सांगणं म्हणजे भुकेल्याला पाटावर बसवणं.

नकाशा उतरवायला तीन आठवडे गेले. भोक मात्र एका दुपारीच भरलं. एरवी तो आधी पेन्सिलीनं आखून घ्यायचा, त्या दुपारी सरळ ब्रशच उचलला. एक तळं काढलं. तळ्याला सात दगडी पायऱ्या, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर, उजव्या कडेला, एक बाई. पाठमोरी, पाय पाण्यात सोडून बसलेली. संपवून वर पाहिलं तेव्हा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. नकाशातली बाकी सगळी माणसं समोर तोंड करून होती. हीच तेवढी पाठमोरी का काढली, हे त्याचं त्याला सांगता येईना.

घरी आल्यावर त्यानं हसत सांगितलं की नदीपासून अंतर धरून पाहिलं तर ती जागा बरोबर आपल्या गल्लीची येते. "तुना दारम्हा तळं काढं मी आज."

"बरं व्हयनं," शोभाबाई म्हणाली. "पानीले लांब जावानं नको."

त्या हिवाळ्यात ओट्याच्या कडेची फरशी ओली राहायला लागली. शोभाबाई सकाळी पुसायची, दुपारी परत ओली. नळ तर चार घरं पलीकडं होता. फरशीला शेवाळाचा वास यायचा. सिमेंटच भिकार मिळालं होतं, असं म्हणून हेमराजनं विषय संपवला. पण हात लावून पाहिला तेव्हा त्याला ते पाणी आवडलं नाही. विहिरीच्या तळाशी असतं तसलं ते गार होतं.

नक्कल काचेत बसून भिंतीवर चढली. शेठ येईल त्याला उभं करून दाखवायचे, अडीचशे वर्षांपूर्वीचं सुरत, जसं होतं तसं. मूळ कापड कपाटात टाकलं होतं, ते उन्हाळ्यापर्यंत कसरीनं पार चाळणी करून टाकलं. आता खरा नकाशा म्हणजे हेमराजनं काढलेलाच.

रोगानंतर शहर धुऊन पुसून काढायचं काम जोरात चाललं होतं. पाणी तुंबणाऱ्या जागा शोधणारे महापालिकेचे एक साहेब शहाण्णवच्या एप्रिलात शेठकडं आले आणि नकाशासमोर अर्धा तास उभे राहिले. दर पावसाळ्यात याच भागात गुडघाभर पाणी साचतं, आणि इथं तर तळंच दाखवलंय. आठवडाभरात गल्लीत माणसं मोजमाप घेऊन गेली. एक खड्डा खोदून बघायचा. तळ्याची खूण निघाली तर तळं मोकळं करायचं आणि त्याच्यावरची घरं उठवायची.

हेमराजच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी साहेब शेठच्या केबिनमध्ये बसले असताना तो आत गेला आणि सांगून मोकळा झाला.

"साहेब, ते तळं खोटं आहे. तिथं भोक होतं. मी माझ्या मनानं भरलं."

शेठनी मान खाली घातली. आता नोकरी गेली असं हेमराज धरून चालला. साहेब मात्र भला माणूस होता. ते रागावले नाहीत. "मग भिता कशाला?" ते म्हणाले. "खोदून बघू. काही निघालं नाही तर गल्ली जिथल्या तिथं. कुठं खोदायचं ते तुम्हीच दाखवा."

दुसऱ्याचं अंगण दाखवलं तर उद्या गल्ली म्हणणार, यानं आपलं घर तेवढं वाचवलं. हेमराजनं घडीभरही विचार केला नाही. "माझ्या ओट्यापुढं खोदा," तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी कुदळ पडली. आधी विटांचे तुकडे निघाले, फुटक्या बांगड्या निघाल्या, मग काळी माती लागली. बायका हळूहळू बोलायला लागल्या, कुणीतरी चहाही ठेवला. तेवढ्यात कुदळ खणकन वाजली. मजुरानं हातानं माती बाजूला केली. घडीव दगड होता, मधोमध पायांनी झिजलेला. त्याच्याखाली दुसरा. मग तिसरा. दुपारपर्यंत पाच पायऱ्या उघड्या झाल्या, आणि भर वैशाखात खालून पाणी पाझरायला लागलं.

"दोन राहिल्या," हेमराज म्हणाला. आपण बोललो हे त्याला मजुरानं वर पाहिल्यावर कळलं.

दोन निघाल्या. सगळ्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या होत्या, शेवटची मात्र उजव्या कडेला. एका माणसाच्या बसण्याएवढी. मजूर वर आला तो परत उतरायला तयार होईना. कुदळ खालीच राहिली.

गल्लीतलं कुणी साहेबांकडं पाहत नव्हतं. सगळे हेमराजकडं पाहत होते.

"याची कड कुठवर जाते?" साहेबांनी विचारलं. आता त्यांनाही हाच माणूस विचारायला उरला होता. हेमराजनं काढलेलं तळं अख्खी गल्ली गिळून पलीकडं जात होतं. समोर शेजारी लोटूभाऊ आपल्या भिंतीला तळहात लावून उभा होता, बैलाला धरून उभं राहावं तसा. हेमराज ठरवून खोटं बोलला. "लोटूभाऊच्या भिंतीपाशी संपतं. पुढं कोरडं आहे."

त्यांनी भिंतीपलीकडं खोदलं. आठ फूट कोरडी ठणठणीत माती. अलीकडं खोदलं तर कडेचे दगड ओळीनं लागले, भिंतीला बरोबर धरून. एकोणीस घरं वाचली, तेरा गेली. लोटूभाऊ आभार मानायला आला नाही. त्याच्या बायकोनं हेमराजला येताना पाहिलं आणि दार लावून घेतलं. हेमराजला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त स्वतःच्या उजव्या हाताची भीती वाटली.

पुढं ते शहराबाहेर चलथाणला भाड्याच्या खोलीत राहिले. शेठनी कामावरून काढलं नव्हतं, तरी यानंच ब्रश ठेवला आणि गोदामात कापडाच्या गाठी बांधायला लागला. कुणी साधं फूल काढून दे म्हटलं तरी हात पाठीमागं घ्यायचा. पण ते नंतरचं.

घर मोडायच्या सकाळी शोभाबाई भांडी पोत्यात भरत होती. खड्डा खोदला त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलली नव्हती. पोत्याचं तोंड बांधता बांधता, मान वर न करता, तिनं विचारलं.

"खड्डा आपलाच दारम्हा कसाले खंदाले सांगं तुम्ही?"

हेमराजनं पोतं उचलून ओट्यावर ठेवलं. मग म्हणाला, "तठे काहीच नही, हाई माले एकलाले माहीत व्हतं."