कपाटाची पाठ

लातूर नवा जिल्हा झाला आणि गावाला एकदम साहेबी चढली. कचेऱ्या आल्या, बदलीवरचे कारकून आले आणि त्यांच्या मागोमाग कुठल्याशा कंपनीचा टाय लावलेला माणूस आला. त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. रेणापूरचं वाट्याचं रान विकून मी त्याच्या कंपनीची एजन्सी घेतली. कपाट, पलंग, पंखा घरी न्यायचा, दर महिन्याला भाडं भरायचं, दोन वर्षांनी वस्तू तुमची. मधेच नकोशी झाली तर आणून द्या, का म्हणून कोणी विचारणार नाही. हे शेवटचं मी गिऱ्हाइकांना अशा थाटात ऐकवायचो, की जणू तो माझाच उदारपणा.

बदलीवरच्या साहेबांसाठी मांडलेलं दुकान चालवलं मात्र लग्नाळू मुलींच्या बापांनी. मांडवात लोखंडी कपाट मांडायचं, ते मुलीबरोबर सासरी धाडायचं आणि भाडं गुपचूप भरत राहायचं. प्रत्येक कपाटाच्या पाठीवर लाल अक्षरात 'मालकी कंपनीची' असं रंगवलेलं असे. त्यामुळे आमची कपाटं सगळीकडे भिंतीला चिकटूनच उभी राहायची. मी नाकाने कांदे सोलायचो, "ऐपत न्हाई तर मिरवायचं कशाला?"

पुढच्याच साली पाऊस पडला नाही आणि धाकट्या बहिणीचं लग्न कंधारला ठरलं. रान तर मी विकून बसलो होतो. दुकानातलंच एक कपाट उचललं. "एजन्सीवाल्या भावानं दिलंय," असं मांडवात कानावर आलं, तेव्हा मी खरोखर सुखावलो.

उन्हाळ्यात कंधारला टँकर आठ दिवसांनी यायला लागला. पाण्याचे ड्रम ठेवायला जागा हवी म्हणून तिच्या सासरच्यांनी कपाट सरकवलं आणि पितळ उघडं पडलं. चार दिवसांनी तिचे सासरे सकाळच्या एसटीने थेट दुकानात आले. गिऱ्हाइकं बसलेली असतानाच म्हणाले, "पावनं, कपाट भाड्याचं निघालं. सून तरी कायमची दिली का?"

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा घेऊन मी कंधारला गेलो. सासू तिला येता-जाता 'भाड्याची' म्हणत होती, माझ्यासमोरही म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवून अक्षरांवर रंग मारत राहिलो. दोन हात दिले तरी खालचा लाल दिसतच होता.

बहीण चहा घेऊन आली. चेहरा उतरलेला होता.

"आता काय दिसत न्हाई," मी म्हणालो.

तिने कपाटाकडे पाहिलंही नाही. हळूच म्हणाली, "दादा, वस्तू नकोशी झाली तर तू परत घेतोस म्हनं. का म्हणून इचारीत बी न्हाईस."

मी चहा संपवला आणि लातूरच्या एसटीची वेळ विचारली.