कडब्याखालची मोटारसायकल

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी भरदिवसा दाराला कडी लावतो. तसा मी भित्रा नव्हे. नोकरीत माझ्या मिशा अशा होत्या की एका चोराने त्या बघूनच बेड्या आपल्या हाताने चढवून घेतल्या. खोटं वाटत असेल तर त्या चोराला विचारा.

सत्तरच्या दशकात मी सोलापूरजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका सकाळी सोलापुरातल्या विजापूर वेशीतला मेकॅनिक आला. भंगारवाल्याकडून जुनी मोटारसायकल घेऊन ती पुन्हा चालू करायला त्याने उघडली होती. टाकीत गंज, इंजिन जाम, टायरांचा भुगा. पण स्टँडवर त्याला स्वतःचंच जुनं वेल्डिंग दिसलं, आणि त्याने पाना खाली ठेवला.

"साब, ये वळसंगवाले की गाडी है. वो गया सो आयाच नै. मेरे को ये काम नको."

वळसंगचा तो शेतकरी चार वर्षांपूर्वी याच गाडीवरून कुणा बाईला घेऊन हैदराबादेला पळाला, असं त्याच्या धाकट्या भावाने बेपत्ता नोंदीच्या वेळी सांगितलं होतं. नवऱ्याने टाकलेली म्हणून गाव त्याच्या बायकोला हळदीकुंकवालाही बोलवत नसे. दर बाजाराला ती ठाण्यात यायची. "कुटं हायेत तेवढं सांगा," इतकंच म्हणायची.

भंगारवाल्याने गाडी त्या भावाच्या शेडातून उचलल्याचं सांगितलं, तेव्हा भावाला आणून समोर बसवला. माणूस थंड.

"हैदराबादला गेलेली गाडी तुझ्या शेडात कशी रे?"

"ठेवून एस्टीनं गेला असंल की. कडब्याखाली हाय हे मला तरी कुटं ठावं? कडबा सरला, दिसली, भंगारात दिली."

मी गाडीचा दिवा बोटाने खरवडला. धुळीखाली भस्माचे पट्टे, त्याखाली धूळ, त्याखाली पुन्हा भस्म. हँडलला झेंडूच्या सुकलेल्या माळा, एकीवर एक.

"मग दर खंडेनवमीला हिची पूजा उंदीर घालत होते व्हय?"

त्याने दिव्याकडे पाहिलं आणि घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला.

पंच घेऊन शेडात गेलो. गाडी उभी असायची तिथे मी पाय रोवून उभा राहिलो, साहेबासारखा. भाऊ उंबऱ्यातच थांबला.

"साहेब, तितनं बाजूला व्हा. खाली त्योच हाय."

माझ्या मिशांसकट मी एका उडीत बाहेर आलो. हवालदार माझ्याही आधी.

वाटणीच्या भांडणात डोक्यात घाव घातला होता. "गाडी वर हाय तवर तो उठायचा न्हाय, असं वाटायचं," भाऊ सांगत होता. "म्हणून पुजत होतो. पर यंदा स्टँड मातीत रुतला. गाडी कलायला लागली. वाटलं, खालनं वडतोय. भ्यालो, भंगारात दिली."

पुरलेल्या जागेची माती कालांतराने खचते, हे मी त्याला सांगितलं. स्वतःलाही दोनदा सांगितलं.

त्यानंतर मी आरोपीच्या जबाबाइतकंच त्याच्या भीतीकडेही बघू लागलो. जबाब घोकता येतो. भीती घोकता येत नाही.

पंचनामा चालू असताना बायको आली. हाडांजवळचा चांदीचा करदोटा तिने ओळखला. ती हंबरडा फोडेल म्हणून आम्ही जागा सोडली. ती मात्र बांधावर जमलेल्या बायकांकडे वळली.

"बगितलं न्हवं? ते कुटं बी गेले न्हवते."