डाळीकडे बघ, पलीकडे जाऊन येते

मंडळी, आज नायगाऱ्याला माझ्या तोंडून भलतंच वाक्य गेलं.

समोर पूल, पुलापलीकडे कॅनडा. मी सहज म्हणाले, "चला, पलीकडे जाऊन येऊ!"

माझी लेक ईरा हसायलाच लागली. "आई, दॅट्स अनदर कंट्री! वी डोन्ट हॅव अ व्हिसा!"

खरंय. पण न्यू जर्सीला येण्याआधी आम्ही लक्झेंबर्गमध्ये राहायचो, नदीकाठच्या गावात. पुलापलीकडे जर्मनी आणि कोथिंबीर मिळायची ती तिथल्या तुर्की दुकानात. आम्हा परदेशी रहिवाशांना नियम एवढाच, की पलीकडे जाताना पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड जवळ हवं. मी दोन्ही भाजीच्या पिशवीतच टाकायचे. कधी कुणी मागितलं नाही, पासपोर्टला मात्र कोथिंबिरीचा वास लागला. नवऱ्याला सांगायचे, "निखिल, डाळीकडे बघ, पलीकडे जाऊन येते." डाळ शिजायच्या आत मी परत!

आता न्यू जर्सीत, आयसेलिनला घराजवळच कोथिंबिरीचे ढीग असतात. तरी आज कितीतरी वेळ मी त्या पुलाकडेच बघत राहिले.

निखिल शेजारी येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "जा तू. मी बघतो डाळीकडे."