तिचं नाव मी काढायला लावलं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या मुलीचं अमेरिकेला जाणं पहिल्यांदा हुकलं ते माझ्यामुळे. कॉलेजने तिला निवडलं होतं. मी फोनवर खोटं बोललो आणि तिचं नाव काढायला लावलं.

तिच्या इंजिनीअरिंग कॉलेजचा तिकडच्या एका विद्यापीठाशी करार आहे. दरवर्षी थोडी मुलं एक सेमिस्टर तिकडे शिकतात आणि तिकडचे मार्क इथे धरले जातात. दुसऱ्या वर्षाला असताना तिने अर्ज केला. मग घरात दुसरा विषय नाही. अंबरनाथच्या आमच्या घरात टेबल एकच, जेवायचंही तेच आणि अभ्यासाचंही. तिथे लॅपटॉप उघडून ती तिकडचे विषय इथल्या विषयांशी जुळवत बसायची. कुठला विषय चालेल, कुठला परत आल्यावर पुन्हा द्यावा लागेल, हॉस्टेल घ्यायचं की बाहेर खोली, तिकडे ज्वारीचं पीठ मिळतं का. एकदा मी शेजारी बसून विचारलं, "हे क्रेडिट म्हणजे काय गं?"

स्क्रीनवरून नजर न काढता ती म्हणाली, "राहू द्या पप्पा, तुम्हाला नाही कळणार. मी बघते ना."

वाईट हेतूने नाही म्हणाली. पण दहावीपर्यंत तिच्या प्रत्येक वहीला कव्हर मी घातलेलं. त्या दिवशी वाटलं, आपलं काम संपलं. त्यात टीव्हीवर तिकडच्या मुलांचे व्हिसा रद्द झाल्याच्या बातम्या. बदलापूर गावातून थोरला भाऊ यायचा, बशीत चहा ओतत म्हणायचा, "पाठव, पाठव. मग बस मोबाइलवर नातवंडं बघत."

एका दुपारी मी सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होतो. फोन आला. कॉलेजात एक्स्चेंजचं, म्हणजे मुलांना तिकडे पाठवायचं, काम बघणाऱ्या मॅडम होत्या.

"अभिनंदन. तुमच्या मुलीची निवड झालीय. नाव पाठवण्याआधी पालकांची संमती लागते, म्हणून फोन केला."

मी गॅलरीत आलो. म्हणालो, "मॅडम, तिची आई आजारी आहे. मोठं ऑपरेशन आहे. या वर्षी नाही जमणार."

"अरेरे. मग तिनेच आम्हाला तसं कळवलं तर..."

"तिला यातलं काही बोलू नका. आईसाठी राहिली तर जन्मभर मनात ठेवेल. तुम्हीच नाही म्हणा."

त्या म्हणाल्या, "मला हे बरोबर वाटत नाहीये. पण तुम्ही वडील आहात." दुसऱ्या दिवशी पाण्याचा शटडाऊन, म्हणजे नळाला पाणी नाही, म्हणून त्याच वेळी आत बायको मोरीत बादलीमागून बादली पिंपात ओतत होती, आणि गॅलरीत मी तिला अंथरुणाला खिळवलं होतं.

यादी लागली त्या दिवशी मुलगी चपला न काढता खुर्चीत बसली. आईने विचारलं, "मुलाखतीत इंग्रजीत अडखळलीस का?"

"नाही मम्मी. सगळी उत्तरं दिली. मला माहितीय का नाही घेतलं. शाळा विचारली, राहता कुठे विचारलं, पूर्ण नाव विचारलं. मग कळलंच असेल त्यांना."

हा विचार तिच्या डोक्यात कुठून आला ते मला माहीत आहे. मीच घातला. कारखान्यात बढतीच्या वेळी साहेबाने माझं आडनाव दोनदा विचारलं होतं आणि मग माझ्यामागून आलेला माणूस पुढे गेला होता. ती गोष्ट मी जेवताना अनेकदा सांगितली. बौद्धांच्या घरात अशा गोष्टी मुलांना सांगाव्याच लागतात, नाहीतर बाहेर त्यांना कळत नाही की आपल्याशी काय चाललंय. म्हणून माझ्या खोट्याला घरात आयती जागा मिळाली. मला पुढे एकही खोटं बोलावं लागलं नाही. ती बोलत राहिली आणि मी मान हलवली.

काही आठवड्यांनी ती कॉलेजातून तणतणत आली. "कॉरिडॉरमध्ये ती मॅडम भेटली. मला म्हणते, आई कशी आहे आता? स्वतः मला कापलं आणि वर घरची चौकशी. कसली खोचक बाई आहे."

"तू काय म्हणालीस?" आईने विचारलं.

"म्हटलं, माझी आई एकदम मजेत आहे, तुम्ही तुमची काळजी घ्या."

दोघी हसल्या. मी ताटात बघून जेवत राहिलो.

त्यानंतर तिने जे केलं ते रागावर केलं. वर्गात पहिली आली. का नाकारलं ते लेखी विचारलं, गुळमुळीत उत्तर आलं, ते तिने टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलं. तिसऱ्या वर्षाला पुन्हा अर्ज केला आणि पालक म्हणून आईचा नंबर दिला, मी कामावर फोन उचलत नाही म्हणून. या वेळी फोन आला तेव्हा बायको म्हणाली, "पाठवा की. कधी पाठवताय?" नंतर मला सांगत होती, "त्या बाई सारखी माझी तब्येत विचारत होत्या. मी म्हटलं, ठणठणीत आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही.

जॅकेट घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी, बोलघेवडा. "बेटा, ठंडी कौनसी? शिमलावाली के बरफवाली?"

"बरफवाली, अंकल. अमेरिका."

"वाह. हम उधर का माल बोलके इधर बेचते हैं, और तू इधर का माल लेके उधर जा रही है."

ती खूश झाली आणि तिने त्यालाही सगळं ऐकवलं, पहिल्यांदा कसं डावललं आणि कोणी डावललं. तो म्हणाला, "उस मैडम को इसी जॅकेट में फोटो भेजना. लाल लेके जा, दूर से दिखेगा." तिने लाल घेतलं. मी पायमोज्यांच्या ढिगात हात घालून उभा होतो.

गेल्या रविवारी विहारात तिचा सत्कार झाला. विहारात त्रिशरण-पंचशील मी घेतो, इतकी वर्षं मीच घेतोय. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी त्या दिवशी नेहमीसारखंच खणखणीत म्हटलं, आणि सगळे माझ्यामागून म्हणाले. मग ती बोलली. "मी मराठी शाळेतली, अंबरनाथची, या वस्तीतली. म्हणून मला बाजूला काढलं होतं. पण मी पुन्हा दारात जाऊन उभी राहिले." टाळ्या थांबेनात. भावाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्या पोरींना असंच अडवतात रे." मी पुन्हा मान हलवली.

घरी येताना ती म्हणाली, येत्या शनिवारी कॉलेजात ज्युनिअर मुलांसमोर बोलायला बोलावलंय. "मॅडमपण असणार. तोंडावर बोलणार आहे मी."

म्हणून हे लिहितोय. भाऊ म्हणेल, झालं ना सगळं नीट, आता कशाला उकरतोस. कोणी म्हणेल, बापाची माया. अजिबात नाही. पोरगी माझ्याशिवाय सगळं करते हे मला बघवलं नाही, एवढंच त्यात होतं. मला कोणी समजून घेऊ नका. आणि ज्यांना हे वाचून बरं वाटेल, बघा यांना उगाच सगळीकडे जात दिसते म्हणायला मिळेल, त्यांनाही सांगतो. साहेबाने माझं आडनाव दोनदा विचारलं ते खरं आहे. माझ्या मुलीला पुढे कोणी विचारील तेही खरं असेल. या एका बाबतीत खोटा मी आहे, आणि तो डाग माझ्या वस्तीवर मी येऊ देणार नाही.

ती चिडेल. जाईपर्यंत बोलणार नाही, कदाचित गेल्यावरही नाही. तिला तो हक्क आहे. मी निघेन तिला विमानतळावर सोडायला, ती नको म्हणाली तर घरी बसेन.

मुलीला खरं सांगणं माझ्याकडे बाकी आहे, शनिवारच्या आत. मग त्या मॅडमसमोर उभं राहून माफी मागणं बाकी आहे.