बाईंचा कंगवा

आज नातीचे केस विंचरताना कंगवा चटचटला आणि माझं डोकंच फिरलं.

आम्ही तेव्हा थेरगावात राहायचो. मी चौथीत, वर्गात बौद्धांची एकटीच. बाई स्थिर विद्युत शिकवत होत्या. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो म्हणून त्यांनी स्वतःचा कंगवा पोरींच्या डोक्यांवर घासून पाहिला. पण सगळ्यांची डोकी तेलाने चोपडलेली, कपटे हलेनात. माझे केस तेवढे कोरडे, कारण घरात तेल कालवणापुरतंच यायचं. त्यावरून बाई रोज बोलायच्या. शेवटी त्यांनी कंगवा माझ्यापुढे टाकला. "घास, तुझी तू."

मी घासला आणि कपटे टपाटप येऊन चिकटले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. कंगवा परत द्यायला गेले, तर बाई हात मागे घेत म्हणाल्या, "राहू दे तुलाच."

बक्षीस म्हणून मी तो मिरवत घरी नेला. पहिली शिफ्ट करून आलेल्या आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाकीच्या पोरींच्या डोक्यांवर बाईंनी सोताच्या हातानं घासला व्हता?"

"हो, सगळ्यांच्या."

आबांनी कंगवा मोडून गटारात फेकला. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. बाईंना मात्र आठही दिवस हसून नमस्ते करत राहिले.