ताटावरचा हात
दुपारचा भोंगा कुठेही वाजला की मला गडचांदूरजवळची ती अंगणवाडी आठवते. चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडवायच्या आधी भोंगा व्हायचा आणि पोरं आपापल्या खिचडीवर तळहात धरायची, कारण धमाक्यानं छपरावर साचलेली सिमेंट कारखान्याची धूळ फटीतून ताटात गळायची. एके दिवशी सकाळपासून मी पोरांना हसऱ्या, रडक्या, रागावलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवून, कसं वाटतंय त्यावर बोट ठेवायला सांगत होते. घसा बसला होता, कंबर धरली होती, आणि एक मुलगी कुठल्याच चेहऱ्यावर बोट ठेवेना. तेवढ्यात भोंगा झाला. दोन्ही हातांनी ताट झाकून ती हळूच म्हणाली, "बाई, आता माह्या पोटात दगड बसते." मी म्हटलं, "त्याले भेव म्हणतेत. सगळ्यायलेच वाटते." "तुमाले बी?" "मले नाई." तिनं माझ्या जबड्याकडे बघितलं. "मंग दात काऊन दाबून राह्यल्या?" तिनं ताटावरचा एक हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला, धमाका झाला, आणि तिची अर्धी खिचडी राखाडी झाली. इतकी वर्षं पोरांना राग, भीती, दुःख ओळखायला शिकवते आहे; भोंगा वाजला की अजूनही आधी माझेच दाबलेले दात सोडावे लागतात.